घरच्या ऑफिसातील रंग : आधी कागद, मग प्रकाश, शेवटी भिंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरातील फ्लॅटमध्ये दहा बाय अकरा फुटांची एक खोली आपण ऑफिससाठी मोकळी केली आहे. तिला पश्चिमेकडे एकच खिडकी आहे आणि तेथे बसून आपण अकरा लहान दुकानदारांचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे सांभाळता. हवा तो कागद वेळेवर हाती लागत नाही, ही आपली मुख्य अडचण. निळ्या भिंतीने एकाग्रता वाढते असे कोणी सांगितले, पिवळ्या रंगाने उत्साह येतो असे दुसऱ्याने सांगितले, आणि प्रत्येक दुकानदाराला वेगळ्या रंगाची फाइल द्यावी असे आपल्या मनात आहे.

नागपुरातील घरांची आणि घरातल्या कार्यालयांची अंतर्गत रचना मी बऱ्याच वर्षांपासून करत आलो आहे. सनदी लेखापाल, वकील आणि घरून काम करणारे संगणक अभियंते यांच्या खोल्या त्यात अधिक. त्या अनुभवावरून सांगतो की आपण विचारलेल्या क्रमाच्या उलट जावे. भिंतीचा रंग सर्वांत शेवटी ठरवावा आणि कागदांचा रंग सर्वांत आधी, कारण रंगाचा भरवशाचा उपयोग मनःस्थिती बदलण्यात नाही, शोधाशोध कमी करण्यात आहे.

एकाग्रतेच्या दाव्यामागे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मेहता आणि झू यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लाल पार्श्वभूमीवर बारकाव्याची कामे आणि निळ्या पार्श्वभूमीवर कल्पकतेची कामे अधिक चांगली होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो जगभर गाजला. परंतु त्यांपैकी उलटसुलट अक्षरे जुळवून शब्द ओळखण्याचा एक प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर तसा परिणाम मिळाला नाही, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय ते प्रयोग मुख्यतः संगणकाच्या पडद्यावरील रंगांचे होते. दिवसाचे आठ तास पाठीमागे असणाऱ्या भिंतीचे नव्हते. म्हणून अमुक रंग दिला की लक्ष लागेल, असे आश्वासन मी कोणालाही देत नाही.

शोधण्याच्या बाबतीत मात्र पाया पक्का आहे. हव्या त्या वस्तूचा रंग आधी माहीत असेल, तर शोधायला लागणारा वेळ मुख्यतः त्या रंगाच्या वस्तू किती आहेत यावर ठरतो आणि इतर रंगांच्या वस्तू नजर जवळजवळ वगळून टाकते, हे १९५६ पासूनच्या प्रयोगांत दिसत आले आहे. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये त्याची पुढची बाजू मांडली : एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतून आपोआप उठून दिसते, पण दोन गुण एकत्र जुळवून शोधायचे झाले की नजरेला एकेक वस्तू तपासत जावे लागते. ‘निळी फाइल’ शोधणे सोपे असते. ‘निळी, पण पांढऱ्या पट्टीची आणि जाड’ फाइल शोधणे सोपे राहत नाही. आपली सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी करता येते.

आता अकरा दुकानदारांना अकरा रंग का देऊ नयेत, ते सांगतो. शेजारी ठेवल्यावर बारा छटा वेगळ्या दिसतात, पण मनात नाव घेताच चटकन आठवतात असे रंग फार तर पाच-सहा असतात. लाल आणि केशरी, निळा आणि जांभळा, पोपटी आणि हिरवा या जोड्या संध्याकाळच्या थकलेल्या डोळ्यांना आणि ट्यूबच्या प्रकाशात एकमेकींत मिसळतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे उद्या बारावा दुकानदार आला की रंग संपतो. रुग्णालयांतील जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चारच रंग ठरवले आहेत. धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही रुग्णालयात नवा कर्मचारी ते लवकर शिकू शकतो, कारण ते चारच आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. दुकानदाराची ओळख नावाने होऊ द्या. रंगाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे : हा कागद कोणत्या कामाचा?

आपल्या कामासाठी मी चार कायमचे रंग सुचवतो. जीएसटीसाठी निळा, आयकरासाठी हिरवा, बँक आणि वहीखाते यांसाठी पिवळा, आणि पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, भाडेकरार असे क्वचित लागणारे कायमचे कागद पांढऱ्यात. अकरा दुकानदारांच्या प्रत्येकी चार, म्हणजे चव्वेचाळीस फाइली झाल्या. पण जीएसटीचा कागद हवा असताना आपली नजर अकरांवरच फिरेल. कोणत्या कामाला कोणता रंग, हे आपण बदललेत तरी हरकत नाही. एकदा ठरले की मात्र तो रंग खोलीत इतरत्र दुसऱ्या अर्थाने येता कामा नये, आणि घरातील कोणाही मदतनिसाला किंवा मुलाला तो अर्थ एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

लाल रंग मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. तो राखून ठेवावा. लाल फाइल विकत आणू नये, लाल ट्रे आणू नये, शोभेची लाल वस्तूही फाइलींच्या फडताळावर ठेवू नये. लाल फक्त एकाच गोष्टीचा : तारीख जवळ आली आहे किंवा नोटीस आली आहे आणि उत्तर द्यायचे आहे. त्यासाठी लाल प्लास्टिकची क्लिप किंवा चिमटा पुरतो. तो संबंधित फाइलच्या पुठ्ठ्याला लावावा आणि काम झाले की त्याच दिवशी काढावा. क्लिपा मोजक्याच ठेवाव्यात. माझ्या मते सहापेक्षा जास्त नकोत. सातव्या कामाला क्लिप उरली नाही, तर आधीच्या सहांपैकी कोणते काम खरोखर तातडीचे नव्हते याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार होणे आवश्यक आहे. इतवारी, गांधीबागेतील जुन्या पेढ्यांचे काम आपल्याकडे असेल, तर लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्याही येत असतील. त्या आल्या की पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या पेटीत ठेवाव्यात. वहीचा मान राहतो आणि फडताळावरील लाल रंगाचा अर्थही बिघडत नाही.

काम कोणत्या टप्प्यावर आहे हे दाखवण्यासाठी बरेच जण लाल, पिवळी, हिरवी अशी सिग्नलची रचना करतात. फाइलींना रंग दिल्यावर ती करू नये. हिरवे म्हणजे आयकर की हिरवे म्हणजे पूर्ण, हा गोंधळ महिनाभरात सुरू होतो. टप्पा जागेने दाखवावा. टेबलाच्या डाव्या हाताला तीन राखाडी ट्रे एकावर एक : वरच्यात आलेले कागद, मधल्यात अडलेले, खालच्यात पूर्ण होऊन फाइलीत जायचे. स्वयंपाकघरात वीज गेली तरी हिंगाची डबी हाताला लागते, ती जागा पक्की असल्यामुळे. ट्रेंची जागाही तशीच न बदलणारी असावी. मधल्या ट्रेतील प्रत्येक कागदावर तो कोणामुळे अडला आहे हे पेन्सिलीने एका ओळीत लिहावे. हा ट्रे दर शनिवारी रिकामा करण्याचा प्रयत्न करावा, कारण माझ्या पाहण्यात घरच्या ऑफिसांतील सर्वाधिक वेळ याच ट्रेमध्ये हरवतो.

फडताळावर फाइली दुकानदाराप्रमाणे लावाव्यात की रंगाप्रमाणे, हा प्रश्न पुढे येतोच. आपले काम तारखांनी चालते. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी या करभरण्याच्या विवरणपत्राची २०. तिमाही पद्धत घेतलेल्यांसाठी महाराष्ट्रात १३ आणि २२. म्हणजे महिन्याच्या ठरावीक दिवशी आपण सगळ्या निळ्या फाइली एकापाठोपाठ उघडता. म्हणून रंगाचे सलग गट करावेत आणि प्रत्येक गटात दुकानदारांचा क्रम तोच ठेवावा. निळ्यात चौथा जो दुकानदार, तोच हिरव्यात आणि पिवळ्यातही चौथा. चुकून पिवळी फाइल निळ्यांत गेली तर ती दारातूनच दिसते. मोठ्या रुग्णालयांच्या अभिलेख कक्षांत फाइलींच्या कडांवर रंगीत पट्ट्या असतात त्या याचसाठी. आपण वकील असता आणि एका पक्षकाराचे सगळे कागद एकदम लागत असते, तर मी पक्षकाराप्रमाणे लावायला सांगितले असते. कोणती रचना योग्य हे कामाच्या लयीवरून ठरते, पुस्तकातील नमुन्यावरून नाही.

सरलेल्या वर्षांच्या फाइली या फडताळावर ठेवूच नयेत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे ढीग वाढतच जातो. जुन्या वर्षांसाठी सरसकट तपकिरी पुठ्ठ्याच्या पेट्या घ्याव्यात, पुढच्या बाजूस आर्थिक वर्ष मोठ्या काळ्या अंकांत लिहावे आणि त्या वरच्या खणात किंवा दिवाणात ठेवाव्यात. उघड्या खणात उभ्या रांगेने ठेवणार असाल तर एक युक्ती आहे : पेट्यांच्या कडांवर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक तिरकी रेघ मार्करने ओढावी. एक पेटी जरी जागा चुकली तरी रेघ तुटलेली दिसते. चालू वर्षाच्या फाइलींवर हे करू नये, तेथे भर पडत राहते.

रंगावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. लाल-हिरव्यातील भेद नीट न दिसणे हे पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आढळते आणि अनेकांना स्वतःबद्दल ते ठाऊकही नसते. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते, मग गडद निळा आणि काळा यांतला फरक पुसट होतो. आपल्या अन्नपदार्थांच्या वेष्टनावर याचे उत्तम उदाहरण आहे : मांसाहारी पदार्थांची खूण पूर्वी चौकोनातील तपकिरी ठिपका होती, २०२० च्या लेबलिंग नियमांनी ती तपकिरी त्रिकोण झाली, त्यामुळे हिरव्या ठिपक्याहून ती आकारानेही वेगळी ओळखू येते. आपणही प्रत्येक फाइलच्या कडेवर दुकानाच्या नावाआधी एक अक्षर मोठे लिहावे : जी, आ, बँ, का. आपल्या अनुपस्थितीत घरातील कोणाला फोनवरून फाइल काढायला सांगायची वेळ आली, तर याच अक्षराचा उपयोग होतो.

आता प्रकाशाकडे वळतो. येथे नागपूरचे हवामान आपल्या खोलीचा अर्धा निर्णय घेते. मार्चअखेरीस खिडकीत कूलर बसतो आणि जून उजाडेपर्यंत एकमेव खिडकीचा मोठा भाग झाकला जातो. उरलेल्या फटीतून मे महिन्यात दुपारी चारनंतरचे ऊन थेट आत येते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, सुमारास सूर्य भर दुपारी आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि मावळताना पश्चिमेच्या बराच उत्तरेला सरकलेला आणि खाली आलेला असतो, त्यामुळे खिडकीवरील छज्ज्याचा त्या तिरप्या उन्हाला अटकाव होत नाही. म्हणजे त्याच खोलीत सकाळी अंधार आणि संध्याकाळी डोळे दिपवणारा उजेड. अशा प्रकाशात कोणताही रंग दिवसभर सारखा दिसणार नाही. टेबल असे ठेवावे की खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. खिडकीकडे तोंड नको आणि पाठही नको. पाठ असेल तर संगणकाच्या पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडते. फिकट, एकरंगी, जाडसर पडदा लावावा. गडद लाल किंवा केशरी पडद्यातून आलेला प्रकाश सगळ्या कागदांवर त्याच रंगाची छाया टाकतो.

दिव्यांचा हिशेब करून पाहा. वाचन-लेखनासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असावा (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप). वीस वॅटची एक एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन, म्हणजे एवढा एकूण प्रकाश, देते. आपल्या सुमारे दहा चौरस मीटरच्या खोलीत भिंती आणि छत यांत जाणारा वाटा वजा करता टेबलावर सरासरी शंभर-सव्वाशे लक्स पोहोचतो. एक ट्यूब पुरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. दोन ट्यूब आणि एक टेबल-लॅम्प असा संच घ्यावा. आपण उजव्या हाताने लिहीत असाल तर लॅम्प डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर येत नाही. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश असतो. ऑफिससाठी मी ४००० केल्विनचा, कमी निळसर प्रकाश घ्यायला सांगतो आणि दोन्ही ट्यूब व लॅम्प एकाच जातीचे ठेवायला सांगतो. पाकिटावर सीआरआय म्हणून जो आकडा असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप, तो ८० पेक्षा कमी नको, ९० मिळाला तर उत्तम. हा आकडा कमी असलेल्या दिव्याखाली मरून आणि तपकिरी एकसारखे दिसतात, आणि मग आपण केलेली रंगांची व्यवस्था रात्री आठनंतर निकामी होते.

भिंतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फाइलींचे चार रंग आणि लाल क्लिप उठून दिसावी, यासाठी भिंत शांत असावी : मोतिया, फिकट राखाडी किंवा हिरवट छटेचा पांढरा. वास्तूच्या दृष्टीने घरात हिरव्या किंवा पिवळ्या रंगाचा आग्रह असेल तर त्याच रंगाची अगदी फिकट छटा घ्यावी; दोन्ही गोष्टी साधतात. अनेक कंपन्या शेडकार्डवर किंवा संकेतस्थळावर एलआरव्ही, म्हणजे रंग किती टक्के प्रकाश परावर्तित करतो तो आकडा देतात. छतासाठी ८० च्या वर, भिंतींसाठी ५० ते ७०, टेबलाच्या पृष्ठभागासाठी ३० ते ५० हे मान ठेवावे. टेबल पूर्ण पांढरे घेऊ नये. कागद आणि टेबल यांची कड मिसळते आणि डोळे शिणतात. काळेही नको, कारण संगणकाचा उजळ पडदा आणि काळे टेबल यांमध्ये नजर सतत जुळवून घेत राहते. फिकट लाकडी रंग बरा. भिंतीला चकचकीत फिनिश देऊ नये, पश्चिमेचे ऊन तिच्यावरून थेट डोळ्यांत येईल. मॅट इमल्शन घ्यावे. केशरी किंवा गडद पिवळी भिंत आपल्याला मनापासून आवडत असेल तर ती पाठीमागच्या बाजूस एकच करावी, फडताळामागे मात्र कधीही नाही.

संगणकातही तेच रंग न्यावेत. गुगल ड्राइव्हमध्ये फोल्डरला, जीमेलमध्ये लेबलला आणि एक्सेलमध्ये खालच्या टॅबला रंग देता येतो. जीएसटी सगळीकडे निळेच राहिले पाहिजे, आणि लाल सगळीकडे फक्त तारखेचे.

सामान घेताना आपल्या उन्हाळ्याचा विचार करावा. विजेच्या दुकानातील रंगीत पीव्हीसी टेप स्वस्त पडते, पण मे महिन्याच्या उष्णतेत तिचा गोंद सुटून कडेने चिकट होतो आणि शेजारच्या फाइली एकमेकींना चिकटतात. कागदी लेबल कूलरच्या दमटपणाने फुगते. त्यावर पारदर्शक टेप लावावी. फडताळ कूलरच्या झोतात नको, आणि खिडकीसमोरही नको. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, म्हणूनच रस्त्यावरचे जुने फलक निळसर झालेले दिसतात. निऑन रंगाच्या चिठ्ठ्या तर सर्वांत लवकर फिक्या होतात. त्याच कारणाने थर्मल कागदावरील बिलांची झेरॉक्स आल्याबरोबर काढावी, उष्णतेने ती कोरी किंवा काळी होतात. फाइली सीताबर्डीवरून किंवा इतवारीतून एकाच वेळी, चव्वेचाळीसऐवजी पंचावन्न-साठ घ्याव्यात. पुढच्या वर्षी तीच छटा मिळेलच असे नाही, आणि दोन निळे झाले की एक रंग दोन अर्थ सांगू लागतो.

खोलीचा उपयोग पाहुण्यांसाठीही होत असेल, तर फडताळाला भिंतीच्याच रंगाचा पडदा किंवा पल्ला लावावा. काम संपल्यावर ते रंग नजरेसमोर राहू नयेत. घरातील माणसांना ती खोली घराचीच वाटली पाहिजे आणि आपल्यालाही रात्री जेवताना लाल क्लिप दिसायला नको.

सुरुवात या महिन्याची २० किंवा २२ तारीख उलटल्यावर, कामाचा ताण उतरल्यानंतर करावी. पहिल्या आठवड्यात निळ्या फाइली आणि तीन ट्रे एवढेच. पुढच्या महिन्याची विवरणपत्रे त्या रचनेत पार पडली की हिरवे आणि पिवळे गट लावावेत. दिवे मधल्या काळात बदलता येतील. रंगकाम पावसाळ्यानंतर भिंती पूर्ण वाळल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये काढावे. निवडलेल्या छटेचा दोन बाय दोन फुटांचा पट्टा आधी फडताळाच्या जागी मारून घ्यावा, दोन हात दिल्यावर तो सकाळी दहाला, संध्याकाळी पाचला आणि रात्री ट्यूबखाली पाहावा, आणि लहान शेडकार्डवर दिसतो त्यापेक्षा पूर्ण खोलीत रंग अधिक गडद वाटतो हे लक्षात घेऊन एक पायरी फिकी छटा मागवावी.